पाच मिलिअँपिअरचा पहारेकरी

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात विजेवरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना विनंती एवढीच की, क्षणभर थांबावे. विषय विजेचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. प्रामाणिक पहारेकरी खोट्या हाकेला फसू लागला, तर त्याला कामावरून काढावे काय?

अमेरिकेतील घरांत न्हाणीघर, स्वयंपाकघर, गॅरेज अशा ठिकाणी भिंतीवर एक खास सॉकेट असते. त्यावर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन लहान बटणे असतात. हाच आपला पहारेकरी. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ साली तो शोधून काढला. हातात धरलेली तार माणसाला किती प्रवाहापर्यंत सोडता येते, याचे प्रयोग त्यांनी स्वयंसेवकांवर केले होते. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांच्या बाबतीत त्याहून कमी. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. म्हणून हे सॉकेट सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडते. तिकडच्या १२० व्होल्टवर ६० वॉटचा दिवा ५०० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे त्याचा अवघा शंभरावा हिस्सा! तेथील विद्युत संहितेने १९७१ च्या आवृत्तीत घराबाहेरील, १९७५ मध्ये न्हाणीघरातील आणि १९७८ मध्ये गॅरेजमधील सॉकेटांना हे संरक्षण आवश्यक केले.

त्याचे काम साध्या हिशेबासारखे आहे. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. जमाखर्च जुळला तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. काही प्रवाह कोणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर हिशेबात तूट येते. कड्यावरच्या बारीक गुंडाळीत क्षीण दाब निर्माण होतो, इलेक्ट्रॉनिक मंडल तो वाढवते आणि सेकंदाच्या अल्पशा भागात खटका पडतो.

आता यात रेडिओ कोठून आला? माझे एक मावसभाऊ टेक्सासमध्ये असतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. रीतसर परवाना घेतलेले ते हौशी रेडिओचालक. रात्री मोर्सची कळ दाबली की न्हाणीघरातले सॉकेट 'टक्' करून बंद पडे. त्याच सॉकेटच्या पुढे गॅरेजमधली जोडणी होती आणि तिच्यावर फ्रीझर. एकदा हे कोणाच्या लक्षातच आले नाही. सकाळी पाहतात तो फ्रीझरमधले सारे जिन्नस वितळलेले! वहिनींनी त्या दिवशी रेडिओचे काय केले असते, ते न सांगणेच बरे.

या घटनेत गळती मुळीच नव्हती. १४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २१ मीटर. भिंतीतल्या आणि उपकरणांच्या लांब तारा अशा लहरींना आयत्या एरियलसारख्या सापडतात. तारांवरून आलेली रेडिओऊर्जा सॉकेटमधल्या नाजूक मंडलात शिरते. तेथील अर्धवाहक भाग तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. मंडलाला वाटते, हिशेबात तूट आली. पहारेकरी इमानदार आहे, पण त्याच्या कानाशी कोणी भलतेच ओरडते आहे.

अशा वेळी सर्वांत सोपा सल्ला मिळतो तो असा की, हे सॉकेट काढून साधे बसवा. दादांनाही तो मिळाला. त्यांनी तो मानला नाही, याचे मला कौतुक वाटते. कारण रेडिओ बंद असताना, एखाद्या सकाळी ओल्या हाताने कोणी सदोष यंत्राला स्पर्श केला, तर तेथे दुसरा रक्षक नाही.

खरा इलाज क्रमाने करायचा असतो. प्रथम खात्री करावी की खटका कळ दाबतानाच पडतो. तो एरवीही पडत असेल, तर गळती खरी समजून तंत्रज्ञाला बोलवावे. मग शक्ती कमी करून आणि तरंगपट्टा बदलून पाहावे. सॉकेटवरची उपकरणे एकेक काढावीत, म्हणजे ऊर्जा कोणत्या तारेवरून येते ते कळते. त्या तारेला फेराइटच्या कड्यातून काही वेढे द्यावेत. असेच कडे एरियलच्या केबललाही घालावे, कारण केबलच्या बाहेरील अंगावरून परत येणारा प्रवाह घरात रेडिओ पसरवतो. शक्य तर एरियल घरापासून दूर न्यावे. एवढ्यानेही भागले नाही, तर रेडिओलहरींना अधिक दाद न देणारे नव्या बनावटीचे सॉकेट बसवून घ्यावे. शेवटी 'टेस्ट'चे बटण दाबून रक्षक जागा आहे ना, हे पाहावे. दादांकडे केबलवरचे कडे आणि नवे सॉकेट या दोहोंनी काम झाले.

आपल्याकडे हीच जबाबदारी बहुधा मुख्य बोर्डावरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सांभाळतो. तो पडला की घरभर अंधार. मग वैतागून 'तो काढूनच टाका' म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी रेडिओ ट्रान्समीटर क्वचितच असतो; बहुतेकदा दोष गीझरमध्ये किंवा ओल आलेल्या तारेत असतो. पहारेकऱ्याने हाक दिली, तर ती खरी की खोटी याचा शोध घ्यावा. हाकेचा त्रास होतो म्हणून पहाराच उठवू नये.