आर २२.० : तोंडावर सूज, कारण अजून ठाऊक नाही

गोंदिया जिल्ह्यात देवरीकडच्या जंगलात मोहफुलं वेचताना आग्यामोहोळ उठलं आणि एकाचा चेहरा असा सुजला की डोळेच उघडेनात. गोरेगावात कुणाची दाढ पिकली, गाल टम्म फुगला. तिरोड्याच्या एका बाईला आठवा महिना लागलेला. सकाळी उठली तर पापण्या जड आणि चेहरा भरल्यासारखा. दवाखान्यात तिघांची तक्रार एकच असणार : तोंडावर सूज आलीय.

डॉक्टर तपासतात, केस पेपरवर चार ओळी खरडतात. पुढे त्या ओळींचं रूपांतर होतं एका रोमन अक्षरात आणि दोन-तीन आकड्यांत. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातले, म्हणजे आयसीडीचे. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण दहावीचे संकेत अजून लोकांच्या हातात बसलेले आहेत, म्हणून इथे तेच घेतो.

या यादीत ‘चेहऱ्यावरची सूज’ शोधली की सापडतो आर २२.०. ‘आर’ हा सगळा विभाग लक्षणांचा. दिसतंय काय ते कळलं, पण कशामुळे ते अजून कळलं नाही, अशांची सोय तिथे. जगभरच्या तज्ज्ञांनी बसून केलेल्या यादीत ‘अजून कळलं नाही’ याला हक्काची जागा असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. गोंदिया जंक्शनच्या वेटिंग रूमसारखंच हे : बसायला हरकत नाही, पण मुक्काम करायचा नाही. कारण सापडलं की ‘आर’मधून उठायचं.

कुठे जायचं? मोहफुलंवाल्याचा संकेत टी ६३.४, कीटकाचं विष. एवढ्यावर यादी थांबत नाही. ती विचारते, विष अंगात गेलं कसं? मधमाशी, गांधीलमाशी यांच्यासाठी एक्स २३. मग विचारते, कुठे? घरात असेल तर शेवटी ०, शेतात ७. जंगल येतं ८ मध्ये. शिवाय, तेव्हा माणूस करत काय होता? पोटापाण्याचं काम असेल तर २, घरातली कामं ३, झोप-विश्रांती-जेवण ४. म्हणजे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या मजुराला माश्या लागल्या तर एक्स २३.८ आणि सोबत २. घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार डसली (तिच्या दंशाने सूज फारशी येत नाही, पापण्या मात्र मिटू लागतात) तर एक्स २०.० आणि सोबत ४. नाव-गाव काही नाही, तरी आकडे वाचून कुणालाही कळावं की घर-शेताबाहेर कामावर असतानाच माणूस सापडला. असे हजार संकेत एकत्र केले तर कुठल्या जागी, कुठल्या कामात धोका आहे ते डोळ्यांसमोर येतं. अर्थात, कुणी ‘कीटक चावला’ एवढंच लिहून ठेवलं नसेल तर.

तिरोड्याच्या बाईचं प्रकरण याहून नाजूक. गरोदरपणातली नुसती सूज म्हणजे ओ १२. पण गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात असो की गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, तिचं बीपी मोजलं, ते १४०/९० किंवा त्यावर निघालं आणि लघवीत प्रथिनं सापडली, की संकेत होतो ओ १४, प्रीएक्लाम्प्सिया. चेहरा तोच, सूज तीच. बदललं काय, तर बीपीचा पट्टा आणि लघवीची पट्टी यांनी दिलेली दोन उत्तरं. ती केस पेपरवर नसली तर संकेत देणाऱ्याला ओ १४ लिहिता येत नाही. मनात शंका असली तरी पदरचं काही घालायची त्याला मुभा नाही.

म्हणून बारीकसारीक शब्दांना इतकी किंमत. ‘सकाळी जास्त, संध्याकाळी पायांवर’ आणि ‘लघवीला फेस’ असं लिहिलं की बोट मूत्रपिंडाकडे जातं, एन ०४ कडे. रात्रभर आडवं पडल्यावर पाणी पापण्यांखालच्या सैल पेशीजालात साठतं, दिवसभर उभं राहिलं की खाली उतरतं. ‘कानाची पाळी वर उचललेली’ म्हटलं की गालगुंड, बी २६. ‘एकाच बाजूला, मधुमेही, नुकताच कोविड होऊन गेला’ हे शब्द २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळजात धस्स करणारे होते : म्युकरमायकोसिस, बी ४६.

सगळ्यांत फसवी सूज मात्र ओठांची. टी ७८.३. रुग्ण म्हणतो, काही वेगळं खाल्लं नाही, काही चावलं नाही. बीपीसाठी कित्येकजण एनालाप्रिल, रॅमिप्रिल घेतात. ही गोळी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं निमूट सोसते आणि एके दिवशी ओठ-जीभ सुजवते. ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधाने ती सूज सहसा हटत नाही. गोळी बंद करावी लागते आणि श्वास अडकतोय का यावर डोळा ठेवावा लागतो. या गोळ्यांच्या दुष्परिणामालाही स्वतंत्र संकेत आहे, वाय ५२.४. पण ‘कुठली औषधं चालू आहेत?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहिलं असेल तरच तो वापरता येणार.

दहाव्या आवृत्तीतला आर २२.० डावा गाल की उजवा हे सांगत नाही. अकराव्या आवृत्तीत मूळ संकेताला बाजूचा जोडसंकेत लावता येतो. तरीही बाजू आधी कुणीतरी लिहायला हवीच.

राहिली गोरेगावची दाढ. मुळाशी पू झाला तर के ०४.७. तो जिभेखाली, जबड्याखाली पसरला तर लुडविग्ज अंजायना, के १२.२; यात श्वासाची वाट बंद होऊन माणूस दगावू शकतो. तसं झालं तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली दवाखान्याला मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरावं लागतं. त्यात वरच्या ओळीत शेवटचं कारण, आणि खाली-खाली उतरत सगळ्यात शेवटी मूळ कारण. जागतिक मृत्यूकारणांची ही मोजणी झाक बेर्तिलों यांनी १८९३ मध्ये शिकागोत मांडलेल्या यादीपासून चालत आलेली आहे. मोजलं जातं ते सहसा खालच्या ओळीतलं. तिथे नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहिलं तर हिशेबात येतो आय ४६, आणि दाताच्या दुखण्याने माणूस गेला याचा मागमूस उरत नाही. दातांच्या डॉक्टरची जागा गावाजवळ हवी, असं मागायला गेलेल्याला मग आकडा कुठून दाखवायचा?