फार्महाऊसचे फोटो काढायचेत? बॉडीपेक्षा लेन्सवर पैसे घाला

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तानसा, आसनगाव, मुरबाड या पट्ट्यातले प्लॉट आणि फार्महाऊस मुंबई-ठाण्याचा ग्राहक आधी मोबाईलच्या स्क्रीनवर बघतो आणि फोटो आवडला तरच रविवारी गाडी काढतो. म्हणून एजंटांना बरे फोटो हवे असतात आणि गावातल्या एखाद्या पोराला त्यातून जोडधंदा मिळू शकतो. प्रश्न एकच, कमी पैशात कॅमेरा कोणता घ्यायचा?

महिन्याला एक-दोनच कामं असतील तर कॅमेरा घेऊच नका. फोन, मोबाईल होल्डर आणि ट्रायपॉड पुरे. कामं वाढली की मात्र फोन कमी पडतो. त्याच्या अल्ट्रा-वाईड लेन्समागचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत फोटो दाणेदार येतो.

मग कोणता?

एपीएस-सी सेन्सरचा वापरलेला डीएसएलआर घ्या. २४ मेगापिक्सेल भरपूर झाले, कारण फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच जाणार. खरा खर्च लेन्सवर करा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स खोलीचा जेमतेम एक कोपरा टिपते. कॅननची १०-१८ एमएम लेन्स लावली की दारात उभं राहून जवळपास अख्खी खोली येते. नव्या मिररलेसच्या पैशात जुनी बॉडी, ही लेन्स आणि ट्रायपॉड असं तिन्ही बसू शकतं.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. घराच्या फोटोत मुख्य अडचण खिडकीची असते. आतलं नीट दिसेल असा फोटो काढला की बाहेरची हिरवळ पांढरीफटक होते. उपाय म्हणजे एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो काढून ते जोडायचे. कॅनन २०० डी किंवा निकॉन डी५६०० हे तीन फोटो आपोआप काढतात. निकॉन डी३५०० मध्ये ही ऑटो ब्रॅकेटिंगची सोय नाही, प्रत्येक वेळी सेटिंग हाताने बदलावं लागतं. ट्रायपॉड लागतो तो यासाठीच. कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ ठेवा, एफ/८ आणि आयएसओ १०० लावा. कॅमेरा वर-खाली कलला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात.

जुना घेताना काय बघायचं?

आसनगावहून लोकलने थेट सीएसएमटी गाठता येते. तिथून चालत गेलं की फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. बॉडीचा शटर काउंट विचारा. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघा. आपल्याकडच्या पावसात ही बुरशी हमखास धरते. माझी एक लेन्स अशीच गेली, चार महिने बॅगेत बंद होती. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढाच खर्च होता.

फोटो किती 'वाईड' असावा?

इथे जरा जपून. १० एमएमवर दहा फुटांची खोली हॉलसारखी दिसते आणि समोरचा माहुली किल्ला टेकडीएवढा होतो. उलट, लांबून झूम केलं की तोच माहुली थेट व्हरांड्याला टेकल्यासारखा येतो. दोन्हीकडे ग्राहक फसतो. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर विकासकाला भरपाई द्यावी लागू शकते. एखाद्याच्या जुन्या फार्महाऊसची थेट विक्री या कलमात सहसा येत नाही, पण कल्याणहून पोरांना घेऊन आलेला माणूस दारातूनच परत फिरतो आणि एजंट पुढच्या वेळी दुसऱ्या फोटोग्राफरला फोन लावतो.

मी १४ ते १६ एमएमच्या आसपास थांबते. खोली अगदीच लहान असेल तर आणखी वाईड जाण्यापेक्षा दोन कोपऱ्यांतून दोन फोटो देते.