येण्याची विक्री आणि दाव्याची विक्री

घाऊक धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यास कोर्टकचेरीचा संबंध सर्वस्वी टाळता येत नाही. जेथे उधारी आहे तेथे अडकलेले येणेही आलेच. अशा वेळी दोन प्रकारच्या सूचना व्यापाऱ्यापुढे येतात. कोणी म्हणतो, “तुमचे एक लाखाचे येणे आम्हांस चाळीस हजारांस विका; वसुलीचे आम्ही पाहू.” दुसरा म्हणतो, “दावा तुमच्या नावाने लावा, खर्च आमचा. वसूल होईल त्यात निम्मा वाटा आमचा.” यांपैकी कायद्यास मान्य काय व अमान्य काय, हे ठाऊक नसल्यास हक्काचा पैसाही हातचा जाण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

वाटा ठरवून दुसऱ्याच्या दाव्यास पैसा पुरविणे, यास इंग्लंडात ‘चॅम्पर्टी’ म्हणत. शेताच्या उत्पन्नातील वाटा, असा या शब्दाच्या मुळाचा अर्थ. आपल्याकडे जमीन जशी वाट्याने करावयास देतात, तसाच हा दावा वाट्याने देणे होय. मध्ययुगात बडे सरदार दुबळ्यांचे खरेखोटे हक्क हाती घेऊन प्रतिपक्षास छळीत व न्यायासनावर दडपण आणीत. यास्तव १२७५ च्या कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांस वाट्याच्या कराराने दुसऱ्यांचे दावे चालविण्यास मनाई केली. पुढे हे कृत्य गुन्हा म्हणून गणले जाई. १९६७ साली इंग्लंडने तो गुन्हा रद्द केला. तथापि असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून बेकायदा ठरू शकतो, हे तत्त्व कायम ठेवले.

आपल्या देशात मात्र हा नियम जसाच्या तसा कधी लागू झाला नाही. बंगालमधील एका दाव्यास चंद्रकांत मुखर्जी यांनी पैसा पुरविला होता. तो दावा फसल्यावर, जिंकलेल्या कुंडू पक्षाने आपला खर्च मुखर्जींकडून मागितला. १८७६ साली प्रिव्ही कौन्सिलने ती मागणी फेटाळली. इंग्लंडचा चॅम्पर्टीचा कायदा हिंदुस्थानास लागू नाही; हक्क खरा पण जवळ पैसा नाही, अशा मनुष्यास वाजवी वाटा ठरवून साहाय्य करणे हे स्वभावतः गैर नव्हे, असे कौन्सिलचे मत पडले. मात्र करार पिळवणुकीचा असेल, दाव्याचा जुगार मांडलेला असेल किंवा कोणास छळण्याचा हेतू असेल, तर कोर्ट तो करार अंमलात आणणार नाही, हेही त्यात सांगितले. १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलम येथे लागू पडते. महाराष्ट्रात तर वादीने पैशासाठी दाव्यातील मालमत्तेचा वाटा कोणास लिहून दिला असल्यास, त्या मनुष्यास त्याच्या संमतीने वादी करून घेण्याचा व प्रतिवादीच्या खर्चाबद्दल जामीन मागण्याचा अधिकार नियमांनी कोर्टास दिलेला आहे.

वकिलांस मात्र ही मोकळीक नाही. निकालातील रकमेत वाटा ठरविणे हे वकिलाच्या बाबतीत गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ठरविले. येणे विकत घेण्यासही न्यायाधीश, वकील व कोर्टाचे अधिकारी यांस मनाई आहे.

आता विक्रीचा प्रश्न. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे येणे विकता येते, पण दावा करण्याचा नुसता हक्क विकता येत नाही. समजा, आपण शंभर क्विंटल जोंधळा पोहोचता केला आणि पैसे आले नाहीत. हे ठराविक रकमेचे येणे झाले. ते विकता येईल. उलट, शंभर क्विंटलचा सौदा झाला, भाव चढला आणि समोरच्याने माल दिलाच नाही. भावातील फरक ही नुकसानभरपाई होय. ती किती, किंबहुना मिळेल की नाही, हे कोर्टाने ठरवावयाचे असते. तोवर ते येणे नव्हे. सबब तो हक्क विकल्यास घेणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. एकदा हुकूमनामा झाला, म्हणजे मात्र तो दुसऱ्याच्या नावे करून देता येतो.

येण्याची विक्री विकणाऱ्याच्या सहीच्या लेखानेच झाली पाहिजे. तोंडी बोली चालत नाही. ऋणकोस लेखी नोटीस त्वरित द्यावी. ती मिळण्यापूर्वी त्याने जुन्या धनकोस पैसे चुकते केले, तर तो मोकळा होतो. शिवाय, घेणारा येण्याबरोबर त्यातील दोषही घेतो. गिऱ्हाइकाचे विकणाऱ्याकडे उलट येणे असेल, तर तेवढी वजावट त्यास मागता येते. म्हणून कडता, वटाव, परत आलेला माल यांच्या नोंदी पाहिल्यावाचून कोणाचे येणे घेऊ नये. विक्रीने मुदतही वाढत नाही. मालाच्या किमतीस सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. त्यांतील अडीच निघून गेली असल्यास घेणाऱ्यास सहाच महिने उरतात.

पूर्वी घेणाऱ्यास दिलेली किंमत, खर्च व व्याज एवढे चुकविले की ऋणको सामान्यतः मुक्त होई. १९०० साली ते कलम बदलले. आता चाळीस हजारांस घेतलेल्या येण्यावर पुरा लाख मागता येतो. म्हणून अडचणीच्या भरात येणे स्वस्तात देऊन टाकण्यापूर्वी विकणाऱ्याने पूर्ण विचार करावा.

सारांश, पैसा पुरविणाऱ्याशी करार करताना खर्च कोणी व कोठवर करावयाचा, वाटा किती, तडजोडीचा अधिकार कोणाचा आणि दावा हरल्यास भार कोणावर, ही चार कलमे स्पष्ट लिहून घ्यावीत व लेख जाणत्या वकिलास दाखवावा. आपल्यातील एखाद्या लहान दुकानदाराचा हक्क पैशावाचून बुडत असेल, तर त्यास वाजवी अटींवर हात देण्यास कायदा आड येत नाही, हे सधन सभासदांनीही ध्यानात ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.