घरच्या ई-मेलला शेपूट कोणते लावावे?

जयगडसारख्या खाडीकाठच्या गावात एक मुलगा जहाजावर, दुसरा आखातात, जावई ब्रिटनमध्ये आणि अब्बा इथे मासळीच्या नाहीतर आंब्याच्या धंद्यात, अशी घरे पुष्कळ. बँक, पासपोर्ट, जीएसटी, जहाज कंपनी, साऱ्यांचा पत्रव्यवहार आता ई-मेलवर चालतो. फुकटच्या पत्त्यावर काम भागते, पण तो गाळा दुसऱ्याचा. म्हणून आडनावाचे नाव नोंदवून घरातल्या प्रत्येकाला त्यावर पत्ता द्यावा, असे आम्ही सुचवतो. मात्र नावाच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन की आणखी काही, हे ठरवताना घाई नको. पत्ता एकदा पन्नास ठिकाणी दिला की बदलणे फार त्रासाचे.

दोन अक्षरांचे शेपूट बहुधा एखाद्या देशाचे असते आणि त्यावर तिथले नियम चालतात. डॉट ईयू हे युरोपीय संघाचे. ब्रिटन संघातून बाहेर पडला, तेव्हा तिथे राहणाऱ्या पण संघाचे नागरिकत्व नसलेल्या लोकांची हजारो डॉट ईयू नावे १ जानेवारी २०२१ पासून स्थगित झाली. पैसे भरलेले होते, कसूर काही नव्हती, तरी ई-मेल बंद. युगोस्लाव्हिया देश मोडला आणि त्याचे डॉट वाययू २०१० मध्ये काढून टाकण्यात आले. संगणकवाल्यांचे आवडते डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे. त्या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या. असल्या भानगडीत आपण का पडावे?

डॉट शॉप, डॉट ऑनलाइन अशी नवी शेपटे पहिल्या वर्षी स्वस्त दिसतात, दुसऱ्या वर्षी भाव कितीतरी पट होऊ शकतो. व्यापाऱ्याने नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. शिवाय फोनवर पत्ता सांगितला की समोरचा कारकून सवयीने पुढे 'डॉट कॉम' जोडतो.

डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळते, उर्दू लिपीतही आहे. आम्हाला ते मनापासून आवडते, पण अनेक अर्जांत असा पत्ता अजून स्वीकारला जात नाही. हौसेने घ्यावे, बँकेला देऊ नये.

आमचे मत डॉट इनला. २००५ पासून ते सर्वांना खुले आहे, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया त्याचा कारभार पाहते, आणि मुलगा कुवेतला स्थायिक झाला तरी नाव जात नाही. डॉट कॉम १९८५ पासूनचे, तेही भरवशाचे. पण साधी आडनावे त्यात केव्हाच गेली. आडनाव मिळाले नाही तर आकडे किंवा आडव्या रेघा घालू नयेत, गावाचे नाव जोडावे.

नाव कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. डॉट इन आणि डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. मुदत चुकली आणि सवलतीचे दिवसही गेले, तर दुसरा कोणीही ते नोंदवू शकतो. मग बँकेची पत्रे, पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्या हाती! म्हणून नोंदणी दुकानातल्या संगणकवाल्या पोराच्या नावे न करता घरातल्या जबाबदार माणसाच्या नावे करावी. आणि तगाद्यासाठी याच नावावरचा ई-मेल देऊ नये, वेगळा द्यावा. नाहीतर नाव बंद पडताच तगाद्याचे पत्रही आपल्यापर्यंत पोहोचणार नाही.