चार लाखांपुढचा हिशेब

सुरतच्या सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला २४ मे २०१९ रोजी दुपारी आग लागली. सगळ्यात वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. तिथे जायला लाकडी जिना होता आणि तोच जळाला. कोंडलेल्या मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जीव गेले, त्यांत बहुतेक शिकणारी मुलं.

राज्य सरकारने प्रत्येक मृतामागे ४ लाख रुपये जाहीर केले. हे सानुग्रह साहाय्य. चूक कोणाची, हा प्रश्न त्यात येतच नाही. भरपाई हक्काने मागायची असते आणि दिवाणी दाव्यात कोणाच्या हलगर्जीपणामुळे माणूस गेला हे सिद्ध करावं लागतं. सरकारी मदतीचा चेक घेतला म्हणून तो हक्क बुडत नाही. दुःखात बुडालेल्या घराला एवढं सांगणारं कोणी भेटत नाही, ही मोठी खंत आहे. वकिलाला न दाखवता कोणत्याही तडजोडीच्या कागदावर सही मात्र करू नये.

मिळकत नसलेल्या मुलाच्या जिवाचा हिशेब न्यायालय कसा करतं? १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या आगीत ५९ जण गेले. नातेवाईकांनी संघटना बांधली. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने २० वर्षांवरच्या मृतांमागे १८ लाख आणि त्याहून लहानांमागे १५ लाख दिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे १० लाख आणि साडेसात लाखांवर आणले. चौदा वर्षं गेली, आणि लहान मूल हिशेबात स्वस्तच ठरलं. कमाईच्या मापाने जीव मोजण्याची ही पद्धत आई-बापांना कधीच पटणार नाही.

कामावर मृत्यू आला तर वाट थोडी सोपी आहे. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. अनेकांची रोजीरोटी लूम आणि डाइंग मिलवर. अशा मृत्यूत मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम करताना अपघात झाला एवढं पुरतं. १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्याने घालून दिलेलं सूत्र असं: निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणांक. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक २०७.९८. पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात १५,००० पर्यंतच धरत. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५०. हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ईएसआयचा विमा असेल, तर अवलंबितांना तिथून पेन्शन मिळते.

अडतं ते पुराव्यावर. पगार रोख, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नव्हता’ हे ठरलेलं उत्तर. काम ठेकेदारामार्फत असलं तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, पण माणूस त्या मिलवर कामाला होता हे दाखवावं लागतं. पंचनामा, एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम अहवालाच्या प्रती घरात हव्यात. वारसांच्या दिवाणी दाव्याला मुदत असते मृत्यूपासून दोन वर्षांची. दिवसकार्य आणि गावाकडच्या फेऱ्यांत ती भराभर सरते. तेराव्यानंतर गेलेल्याचा मोबाइल पुसून धाकट्या भावाला दिला जातो. ठेकेदाराचे ‘उद्या नाइटला ये’ हे मेसेज त्यातच असतात.