फुटबॉल क्लबची नवी खरेदी जमली की फसली, हे कसं ओळखायचं?

ट्रान्स्फर विंडो सुरू झाली की सोशल मीडियावर आधी चर्चा होते ती किमतीची. पण खेळाडू संघाच्या किती कामी येईल, हे किमतीवरून कळत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. लिव्हरपूलची २०१८ मधली खरेदी हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

संघात उणीव कुठे होती?
२०१८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये गोलकीपर लोरिस कारियसच्या चुका लिव्हरपूलला भोवल्या. त्यानंतर क्लबने रोमाकडून अ‍ॅलिसनला घेतलं. आदल्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३८ गोल खाल्लेल्या संघाने २०१८-१९ मध्ये फक्त २२ खाल्ले. त्यात जानेवारीत आलेला बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकचाही वाटा होताच.

जुळवून घ्यायला किती वेळ लागेल?
मोनॅकोहून आलेला फॅबिन्यो लीग सामन्यात सुरुवातीपासून खेळला तो थेट ऑक्टोबरच्या अखेरीस. पुढे तोच मधल्या फळीचा आधार झाला.

खेळाडू मैदानावर किती दिसेल?
त्याच वर्षी आलेल्या नाबी केटाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पण दुखापतींमुळे तो वारंवार बाहेर राहिला आणि २०२३ मध्ये करार संपल्यावर क्लब सोडून गेला.

२०१८-१९ मध्ये लिव्हरपूलने लीगमध्ये ९७ गुण मिळवले आणि चॅम्पियन्स लीगही जिंकली. त्यामुळे यंदा तुमच्या क्लबच्या नव्या खेळाडूवर ‘फ्लॉप’चा शिक्का मारण्याआधी निदान नाताळपर्यंत थांबा.