एक दाणा, शंभर किलो

शेंगदाण्याच्या दहा टनांच्या ट्रकात साधारण अडीच कोटी दाणे असतात. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष किलोमागे जास्तीत जास्त 15 मायक्रोग्रॅम चालते, अशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा आहे. हिशेब मांडा: अख्ख्या ट्रकात मिळून फक्त 0.15 ग्रॅम विष. एका दाण्याचे वजन 0.4 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दहा टनांत अर्ध्या दाण्याच्या वजनाइतकेही विष खपत नाही.

हे विष बनवते ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी. ती शेतातल्या मातीतच असते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला, जमीन तापली, की ती शेंगेत शिरते. अशी शेंग फोडली तर दाण्यावर कधी पिवळसर हिरवी भुकटी दिसते, कधी काहीच दिसत नाही. विषाला वास नाही, आणि दाणे भाजले तरी ते पूर्ण जात नाही.

शिवाय ते सगळ्या दाण्यांत सारखे नसते. बहुतेक दाणे निर्मळ असतात. पण एखाद्याच दाण्यात ग्रॅममागे 1 मिलिग्रॅमपर्यंत विष सापडलेले आहे. तसला एक दाणा 400 मायक्रोग्रॅम विष घेऊन येतो. 15च्या मर्यादेने तो एकटा 26 किलो चांगला माल काठावर आणतो. युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्याला मर्यादा 4 मायक्रोग्रॅमची आहे. तिथे तोच दाणा 100 किलोंना पुरतो. अडीच लाखांत एक! एकाच मालातून काढलेल्या दोन नमुन्यांपैकी एक पास आणि दुसरा नापास होतो, ते यामुळेच.

1960 साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड होती, आणि तिच्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन जगाला कळले. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात, दोनशेहून जास्त गावांत, पावसाने भिजून बुरशी आलेला मका लोकांच्या ताटात गेला. घरात दुसरे धान्य नव्हते. 397 जण आजारी पडले, 106 दगावले. त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम विष होते, म्हणजे आजच्या 15 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. त्याच घरांतली कुत्रीही मेली.

रोजचा धोका मात्र इतका उघड नसतो. घाण्यातून तेल निघते, विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. ती पेंड गाईने खाल्ली की दिवसभरातच विषाचे एक रूप दुधात उतरते. दुधासाठी भारतातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

अब्जांशात मोजायच्या या विषाला अडवायचे ते खळ्यावरच. उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगांत 40 टक्क्यांच्या आसपास ओल असते; बुरशी वाढू नये म्हणून ती 8 टक्क्यांवर आणावी लागते. क्विंटलमागे 35 लिटर पाणी उन्हात उडवायचे! डहाळे उलटे, शेंगा वर करून पसरायचे, आणि शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत थांबायचे. मग सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे निवडून बाजूला काढायचे. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांचे हात करतात, आणि त्या कामाने विषाचा फार मोठा वाटा मालाबाहेर जातो.

पण बाजार वजनावर पैसे देतो. नीट सुकवलेला क्विंटलभर माल 12 टक्के ओलीवर विकला, तर साडेचार किलो जास्त भरतो. शेंगा फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून त्यांवर पाणी मारण्याची रीतही आहेच. आपण ओलीला भाव देतो आणि सुकवणाऱ्याला तोटा. काट्याशेजारी ओलावा मोजायचे यंत्र ठेवा, सुकलेल्या मालाला चढा भाव द्या, निवडणाऱ्या बायकांना नीट मजुरी द्या. तो अडीच लाखांतला एक दाणा आपल्या घरी पोचू नये, याची खरी किंमत एवढीच आहे.